स्पोर्ट्स कारमध्ये हलकं वजन बघावं की हॉर्सपॉवर?

तुमचा प्रश्न असा आहे की दोन गाड्यांचा पॉवर-टू-वेट रेशो, म्हणजे दर टन वजनामागे किती हॉर्सपॉवर (एचपी), सारखाच येत असेल तर हलकी घ्यायची की जास्त पॉवरची. मी डोळे झाकून हलकी घेईन, पण आधी तो रेशो स्वतः काढा, कारण ब्रोशरमध्ये कोणी ड्राय वेट देतं ज्यात पेट्रोल, ऑइल, कूलंट काहीच धरलेलं नसतं, तर कोणी ७५ किलो ड्रायव्हरचे धरूनच वजन सांगतं.

समजा एक गाडी ९०० किलो, १८० एचपी आणि दुसरी १८०० किलो, ३६० एचपी. दोन्हीकडे टनाला २०० एचपी. आता ८० किलोचा माणूस बसवा, हलकीचा आकडा १८४ वर येतो आणि जडचा १९१ वर, म्हणजे इथे हलकी गाडी मार खाते हे मान्यच करायला हवं. सरळ रस्त्यावर सुरुवातीला दोघी जवळपास बरोबर असतात पण स्पीड वाढला की खरा अडथळा हवेचा असतो आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही देणंघेणं नाही, स्पीड दुप्पट झाला की हवा कापायला आठपट पॉवर लागते, मग तिथे ३६० एचपीवाली निघून जाते. टॉप स्पीड हा पॉवरचाच खेळ, बुगाटी वेरॉन जवळजवळ १९०० किलोची असून १००१ एचपीच्या जोरावर ४०० च्या पुढे जाते.

पण वळणं आली की चित्र बदलतं. १०० च्या स्पीडवरून थांबताना ९०० किलोच्या गाडीला साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, १८०० किलोच्या गाडीला बरोबर दुप्पट. एकदा ब्रेक मारून हे कळत नाही, ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारल्या की डिस्क तापतात, पेडल मऊ पडतं, तेव्हा कळतं. शिवाय टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून ग्रिप दुप्पट मिळत नाही, दुपटीपेक्षा कमीच मिळते, म्हणून रुंद टायर, मग मोठे ब्रेक, मग दणकट सस्पेन्शन, आणि या सगळ्याचं वजन परत गाडीवरच. १९९६ ची लोटस एलिस फक्त ११८ एचपीची होती पण वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, त्यामुळे स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच वळतं, मागून जडपणा ओढत येत नाही, आणि मला गाडीत हेच हवं असतं.

निसान जीटी-आर १७०० किलोच्या वर असूनही वळणावर भन्नाट पळते हे खरं आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स बरंच सांभाळून घेतात, टायर आणि ब्रेक पॅड मात्र भराभर संपतात.

तुम्हाला फक्त सरळ रेषेत ओढायची असेल तर खुशाल पॉवर घ्या. नाहीतर हलकीच बघा, कारण टर्बो इंजिन असेल तर रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, पॉवर नंतरही वाढवता येते, पण जड गाडीतून मागची सीट, एसी, म्युझिक सिस्टीम सगळं काढून टाकलं तरी ती ९०० किलोची होत नाही.