शाईची पेनं (फाउंटन पेनं) कशी ठेवायची, विचारलंस म्हणून

अरे आधी ते महागडं लाकडी खोकं घेऊ नको. चार-पाच पेनंच आहेत ना तुझ्याकडे, मग कपाटातला एक ड्रॉवर आणि त्यात मऊ कापडाचा पेन रोल (कप्प्यांत पेनं घालून गुंडाळायचा तो), बास झालं. खरं काम वेगळंच आहे. जी पेनं महिनाभर वापरणार नाहीस ती शाई काढून साध्या पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, निब खाली करून टिश्यूवर रात्रभर वाळवायची आणि मगच आत ठेवायची, आणि गरम पाणी अजिबात नाही, एबोनाइटचा, म्हणजे पेनाच्या कडक रबराचा, काळा रंग त्याने तपकिरी पडतो, उन्हानेही तेच होतं, माझं एक राजमुंद्रीच्या रत्नम कंपनीचं एबोनाइटचं पेन खिडकीत राहून एका बाजूने चहासारखं झालंय (बायको म्हणते तेच छान दिसतं, असो). शाई भरलेली पेनं मात्र निब वर करून उभी, कपात ठेवलीस तरी चालेल. आयड्रॉपर (ज्यात शाई थेट पेनाच्या नळीत भरतात ते) असेल तर शाई अर्ध्याच्या खाली गेली की भरून टाक, नाहीतर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शर्टाचं वाटोळं.

पावसाळ्यात ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक, डांबरगोळ्या नको, काही प्लास्टिक त्याने खराब होतं. जुनं सेल्युलॉइडचं (पूर्वीच्या एका प्लास्टिकचं) पेन मिळालं तर ते बाकीच्यांपासून लांब, जरा हवा लागेल असं ठेव, ते वायू सोडतं आणि शेजारचे क्लिप गंजतात.

आणि एक वही कर, कुठल्या पेनात कुठली शाई, कधी भरली. दहा पेनं झाली की आठवत नाही रे.