आधी त्याला काम दे

बाळ,

परवा फोनवर तू एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिलीस. आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर पूर्ण उघडून नव्यासारखा करायचा, की आहे तसाच ठेवायचा? चुलते म्हणतात भंगारात द्या, पुण्यातला मित्र म्हणतो बोल्ट न् बोल्ट खोल, आणि गॅरेजवाल्याने लाखापुढचं अंदाजपत्रक हातात ठेवलंय. तुझा आवाज भरून आला होता, म्हणून तेव्हा मी फार बोललो नाही. आता लिहितो.

तो जपायचा आहे, यावर आपलं दुमत नाही. मी तुला एवढंच विचारलं होतं की येत्या हंगामात तो करणार काय. तू म्हणालीस, "काका, आधी नीट तर होऊ दे, मग बघू." नाही. आधी काम ठरव. काम ठरल्याशिवाय त्याला पानासुद्धा लावू नकोस.

तुझे आजोबा त्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावून बसले होते. बहात्तरच्या दुष्काळात गोठा रिकामा झाला होता. खडी फोडायला गेलेली माणसं परत आली तेव्हा नांगराला बैल नव्हते. हे यंत्र कांदिवलीच्या कारखान्यातलं. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली, तिथे ते बनायचं. १९७४ साली ते तुमच्या वस्तीवर आलं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आजोबांनी नारळ फोडला आणि त्याच दुपारी कुळव जोडला. मी त्यामागे ढेकळांतून पळालोय. त्यांना मिरवायला वेळ नव्हता, पेर निघून चालली होती.

म्हणून म्हणतो, आधी काम. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी, कुळवणी, मळणी, शेतातल्या शेतात ट्रॉली, यातलं काही. जेमतेम पस्तीस अश्वशक्तीचं यंत्र आहे. उसाच्या खोडव्यात पलटी नांगर किंवा मोठा रोटाव्हेटर लावशील तर छळ होईल त्याचा. एकदा काम ठरलं की किती उघडायचं हे यंत्रच सांगतं. पेरणीपुरता चालवायचा असेल तर थोडा निळा धूर मी चालवून घेईन, पण मागच्या अवजार उचलणाऱ्या लिफ्टने पेरणीची पाभर धरून ठेवली पाहिजे. पाण्याचा टँकर ओढायचा असेल तर इंजिन राहू दे बाजूला, आधी ब्रेक. तुमचा ओढ्याचा उतार मला माहीत आहे.

हे इंजिन चार सिलिंडरचं, १४४ घन इंची. यात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या, छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंड असताना हीटर दिल्याशिवाय ते उठत नाही. हीटर प्लग जळालेले असतात, बॅटरी मेलेली असते, आणि लोक "कॉम्प्रेशन गेलं" म्हणून हेड उतरवून बसतात. तुझ्या अंदाजपत्रकात पहिली ओळ लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनची आहे. ट्रॅक्टर चालूच झालेला नाही, तर त्या माणसाला लायनर गेलेत हे कशावरून कळलं? विचार त्याला. खरंच विचार.

इतकी वर्षं उभा आहे तर असं कर. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुऊन घे, फिल्टर बदल. ऑइलची काडी काढून बघ. ऑइल दुधाळ दिसलं तर खाली पाणी उतरलंय, मग चालू करायचं नावच काढू नकोस, मला बोलाव. तसं नसेल तर डिझेल फवारणारे चारही नोझल काढ, त्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोड, रात्रभर मुरू दे आणि सकाळी क्रँक हाताने फिरवून बघ. फिरला तर निम्मं काम झालं. अडकला तर दुसरा ट्रॅक्टर जोडून ओढायला कुणालाही देऊ नकोस, कितीही अनुभवी माणूस असो. जाम झालेलं इंजिन ओढून सोडवताना कनेक्टिंग रॉड वाकतात आणि वाचलं असतं ते इंजिन तिथेच जातं. नोझल डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून आण, पंपही त्याला दाखव. एअर क्लीनरचा वाडगा उघडून जुना गाळ काढ, नवीन ऑइल भर.

आणि एक गोष्ट, ही विसरलीस तर मी रागावेन. पहिल्यांदा चालू करण्याआधी बंद करायचा खटका मोकळा चालतो का ते बघ. उभ्या ट्रॅक्टरच्या पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, कधी कधी पूर्ण डिझेल सोडणाऱ्या जागी चिकटते. मग इंजिन सुसाट सुटतं आणि चावी फिरवून काही होत नाही. तसं झालं तर हवा कोंडून ते बंद करायला एक माणूस जाड फळी घेऊन एअर क्लीनरच्या तोंडाशी उभा पाहिजे. तिथे हात लावायचा नाही.

चालू झाला की चांगला तापू दे. काळा धूर असेल तर नोझल नाहीतर कोंडलेली हवा. तापल्यावरही निळा राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून बघ, तिथून भसाभस वाफारा आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. गरम झाल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा खाली बसला तर बेरिंग. मग खालचं ऑइलचं चेंबर उतरवून क्रँक मापून घेऊ, दहा किंवा वीस साईजला, म्हणजे थोडा बारीक, घासून होतो. सुटे भाग अजून मिळतात. म्हणजे लायनर टाकावे लागतीलही, मी नाही म्हणत नाही. पण ते यंत्राने मागितले म्हणून टाकायचे.

रंगाचं बोलू. रिमवर आणि मडगार्डच्या खालच्या कडेला, जिथे चिखल साचून पत्रा गळतोय, तिथे गंज काढून रंग दे. तो त्याच्या आयुष्यासाठी आहे. बोनेट घासून चकचकीत लाल करू नकोस. डाव्या मडगार्डवरचं वेल्डिंग ओबडधोबड आहे म्हणून ते कापून नवा पत्रा बसवा, असं त्या कागदावर लिहिलंय. तो जोड तुझ्या आजोबांनी स्वतः उभं राहून मारून घेतलाय आणि अजून पक्का आहे. काय बिघडलंय त्याचं? चासी नंबर आणि इंजिन नंबरवर मात्र पॉलिश पेपर फिरू देऊ नकोस. आरसी संपली असणार. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते, आणि तिथे नंबर वाचता आला पाहिजे.

तुझा मित्र व्हिंटेज नोंदणीचं म्हणत होता. २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींचा आहे, आणि त्यात नोंदलेली गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. आपल्याला काय करायचंय ते?

आमच्याकडेही एक होता, वडिलांचा. भावांच्या वाटणीत जमीन वाटली गेली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, ट्रॅक्टर सामाईक राहिला. सामाईक म्हणजे कुणाचाच नाही. मी तेव्हा कारखान्यात नोकरीला, बाहेरगावी. दर पत्रात लिहायचो, मळणीला तरी लावा, उभा ठेवू नका. तो बिघडला नव्हता गं. चालता ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, टायर बसले, सीटमधून गवत आलं, आणि मी सुट्टीवर आलो तेव्हा तो किलोवर विकला गेला होता. भावांचा राग आज उरला नाही. पण काम नसलेल्या यंत्राला धनी राहत नाही हे मी तेव्हापासून धरून बसलोय, आणि सोडणार नाही.

नंतर मी दुसरा बी-२७५ घेतला. रंग उडालेला, बोनेटला पोचे. मुलगा म्हणतो, "बाबा, लोक हसतात, एकदा डेंटिंग-पेंटिंग करून टाका." दरवर्षी रब्बीची पेर त्यानेच होते. फार्महाऊसच्या दारात ठेवायला नवा करून द्या म्हणून पैसेवाले लोक आले, मी परत पाठवले. धंदा गेला म्हणतात. जाऊ दे. मी बरोबर होतो. त्यातले काही बाहेरून करून घेतलेले ट्रॅक्टर मी नंतर पाहिले आहेत, पंपात पाणी साचलेलं, लिफ्ट बसलेली, वरून आरशासारखा रंग.

तू तसं करणार नाहीस. ऑफिसातून सुट्टी काढून दोन दिवस त्याच्याखाली झोपून बोल्ट मोजणारी मुलगी आहेस तू, मला दिसतं ते. पण तुला घाई झालीय, आणि ती आजोबा गेल्याची आहे. लाख रुपये एकदम ओतून ते भरून निघणार नाही. यंदा फक्त चालू कर, ब्रेक आणि लिफ्ट कर, पेरणीला घाल. पुढच्या वर्षी त्याचं तोच सांगेल.

रविवारी येते म्हणालीस, ये. आरसी बुक, जुन्या बिलांची पिशवी आणि ते अंदाजपत्रक घेऊन ये. मधल्या चुलत्यांनाही आण. ट्रॅक्टर त्यांच्या रानातही फिरणार असेल तर डिझेल कुणाचं, ड्रायव्हर कोण आणि आधी कुणाची पेर, हे त्यांच्यासमोर ठरवू. पाना त्यानंतर.

तुझा,
काका