श्टुटगार्टला निघण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या नोकरीच्या ऑफरचं वाचून फार आनंद झाला. पगार, कर, घरभाडं यांबद्दल तू भरपूर विचारलंस, पण बायकोबद्दल एक शब्दही नाही. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्यावर, जाणाऱ्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर लगेच नोकरी करायची मुभाही असते. पण परीक्षा नाही, म्हणून आमच्याकडे भाषा शिकायचीच राहून गेली. तुझं ऑफिस इंग्रजीवर निभावेल. किटातल्या, म्हणजे तिकडच्या बालवाडीतल्या बाई, मुलांच्या डॉक्टरांकडचा फोन, खालच्या मजल्यावरच्या आजी, पेटीत येऊन पडणारी सरकारी पत्रं हे सगळं जर्मनमध्ये, आणि ते तिच्या वाट्याला येणार.

आमचा तिथला पहिला डिसेंबर. साडेचारलाच अंधार पडायचा. मी सातला घरी आलो तर ही ओट्यापाशी उभी, हातात एक कागद. लेकीला दुपारपासून ताप होता. हिने दवाखान्यात तीनदा फोन केला, तिन्ही वेळा पलीकडून कुणीतरी भराभर बोललं आणि फोन ठेवून दिला. कागदावर तिने देवनागरीत लिहून ठेवलं होतं, 'माइन किंड हाट फीबर', माझ्या मुलीला ताप आहे. खाली तेच पुन्हा, थोडं सुधारून. पुण्यात वीस माणसांची टीम सांभाळणारी ही बाई. मला फोन का केला नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुझी नोकरी नवीन आहे ना." तो कागद मी अजून जपून ठेवलाय. चूक माझी होती. निघायच्या आधीचे सहा महिने मी सामानाच्या याद्या करण्यात घालवले होते.

तेव्हा पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या क्लासला तुझ्या बायकोचं नाव आजच घाल. ए-वन, म्हणजे पहिली पातळी, झाली तरी डॉक्टरांकडे वेळ मागता येते. तिथे गेल्यावर क्लास सुटू देऊ नकोस, आणि तिचा क्लास असेल त्या संध्याकाळी तुमच्या लेकीला तू सांभाळ.

किटाचा अर्ज इथूनच कर. १ वर्षाच्या पुढच्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, तरी जागा अपुऱ्या आहेत आणि वाट पाहावी लागते. गोवराची लस टोचल्याचा पुरावा २०२० पासून सक्तीचा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस दाखवावे लागतात, म्हणून लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. जागा मिळाली की 'आइनगेव्यॉनुंग' सुरू होतं. पहिले काही दिवस आई किंवा वडील कोपऱ्यात बसून राहतात, मग पाच-दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं काही आठवडे चालतं. आपल्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण तसं नाही. शक्य असेल तर तूच रजा काढून बस. आमची लेक तिथे कितीतरी महिने तोंड मिटून होती. घाबरून आम्ही घरी तोडकंमोडकं जर्मन बोलायला लागलो. तेव्हा तिथल्या बाईंनीच समजावलं, घरी तुमचीच भाषा बोला, जर्मन आम्ही शिकवू. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आज लेक दोन्ही भाषांत भांडते.

बाकीचं थोडक्यात. भाड्याच्या घरात बऱ्याचदा ओटा, सिंकसुद्धा नसतं, तेव्हा आधी विचार. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम मागू शकतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाची सही लागते. पगार बघून कुणी खासगी आरोग्य विमा गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. सार्वजनिक विम्यात न कमावणारी बायको आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात, खासगीत प्रत्येकाचा वेगळा. आणि लेक शाळेत जायला लागली की दिवाळीला मनाला येईल तेव्हा रजा टाकून इकडे येणं बंद. शाळा सक्तीची असते, दंडही होतो. तिकडची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, काही वर्षी गणपती तिच्यात बसतो. तुझ्या आईला हे आत्ताच सांगून ठेव.

हे पत्र तिलाही वाचायला दे. करारावर सही करण्याआधी मला एक फोन येऊ दे, पण तो तिचा.

तुझा,
काका