कॅनडाच्या उत्तरेतल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांमधल्या सार्वजनिक सेवा सुधारायच्या तर नेमकं काय करायला हवं?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही लिहिलंय की देश एवढा श्रीमंत, वस्त्या जेमतेम काहीशे माणसांच्या, मग पैसा ओतून आणि व्हिडिओ कॉलवर डॉक्टर देऊन हे सुटत का नाही?

मी मूळचा सांगलीचा, इन्स्ट्रुमेंटेशनवाला. गेली नऊ वर्षं थंडर बेला राहतो आणि उत्तर ऑन्टारिओ प्रांतातल्या फर्स्ट नेशन्सच्या (इथल्या आदिवासी समाजांना असं म्हणतात) पाणीशुद्धीकरण केंद्रांमधले पंप, मीटर, पॅनेलं दुरुस्त करत फिरतो. त्यामुळे पाण्यापासूनच सुरुवात करतो.

तिथल्या बहुतेक गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलींवरून बर्फाचा रस्ता करतात आणि त्या थोड्या आठवड्यांत डिझेल, सिमेंट, पाइप असं सगळं जड सामान ट्रकने आत न्यायचं. एरवी छोटं विमान, तेही हवा बरी असली तर. 2024 च्या हिवाळ्यात थंडीच नीट पडली नाही, तेव्हा निश्नॉबे आस्की नेशन या 49 फर्स्ट नेशन्सच्या संघटनेने आणीबाणी जाहीर केली होती. एक हंगाम चुकला की काम थेट पुढच्या वर्षावर जातं.

हे भूगोलाचं झालं. पण सगळा दोष भूगोलावर ढकलणं मला पटत नाही. नेस्कांटागा नावाच्या गावात 1 फेब्रुवारी 1995 पासून ‘पाणी उकळून प्या’ची सूचना लागू झाली आणि पुढे पाव शतक उलटलं तरी ती उठली नाही. तिथे पाणीशुद्धीकरण केंद्र बांधलेलं होतं. ते चाललं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये गावकऱ्यांना विमानांनी थंडर बेच्या हॉटेलात आणून ठेवावं लागलं. सगळ्या दीर्घकालीन सूचना मार्च 2021 पर्यंत उठवू, हे केंद्र सरकारचं वचनही हुकलं.

बांधायला पैसा मिळतो, फीत कापायला मंत्री येतो. चालवायचं काय? केंद्र सरकार देखभालीचा खर्च एका ठरावीक सूत्राने काढायचं आणि त्यातलेही 80 टक्केच द्यायचं. उरलेले गावाच्या कौन्सिलने आणायचे. कुठून, ते विचारू नका. 2020 च्या अखेरीला 100 टक्के द्यायचं जाहीर झालं.

एक प्रसंग सांगतो. गावाचं नाव देत नाही. फेब्रुवारीत पाण्यात मोजून क्लोरिन सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला. वस्तू तळहातावर मावेल एवढी. ती घेऊन मी विमानतळावर दोन दिवस बसलो, कारण वर हिमवादळ. पोचलो तेव्हा पंप चालू होता! तिथल्या ऑपरेटरने अडगळीतल्या जुन्या पंपाचा डायफ्रॅम कापून, घासून बसवला होता. म्हणाला, ‘आवाज बदलला होता, तेव्हाच कळलं.’ पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं एकट्याने केंद्र सांभाळतोय. बदली माणूस नाही, म्हणून सुट्टी नाही. पगार शहरातल्या ऑपरेटरपेक्षा कमी. आणि कहर म्हणजे पॅनेलचा पासवर्ड त्याच्याकडे नव्हता. ठेकेदाराने दिलाच नव्हता. स्क्रीनवर आकडे दिसायचे, पण डोस बदलायचा तर दक्षिणेत फोन करायचा आणि कुणी उचलेपर्यंत वाट बघायची. पासवर्ड मी त्याला कागदावर लिहून दिला. माझ्या नऊ वर्षांतलं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेच.

म्हणून माझं उत्तर असं: गावातला माणूस शिकवा, त्याला शहराइतका पगार द्या, जोडीला दुसरा ठेवा आणि किल्ल्या त्याच्या हातात द्या.

हे फक्त पाण्यापुरतं नाही. क्युबेकच्या उत्तरेत, नुनाविकमध्ये, इन्युइट या तिथल्या आदिवासी समाजाच्या बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेत पाठवायचे. आठवडेच्या आठवडे घरापासून लांब, परक्या भाषेत. 1986 साली पुविर्निटुकला बायकांनी आग्रह धरून गावातच प्रसूतिकेंद्र सुरू करवलं आणि तिथल्याच मुलींना काम करता करता सुईणीचं शिक्षण दिलं. पुढे इनुकजुआक आणि सालुइटलाही केंद्रं निघाली. साधारण त्याच काळात आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग गेले आणि पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. दोघांना एकमेकांची खबर असेल असं वाटत नाही.

कागदोपत्री भांडण हा वेगळाच रोग. मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा जन्मापासून हॉस्पिटलात होता. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन वर्षं वाद चालला. 2005 मध्ये पाच वर्षांचा असताना तो हॉस्पिटलातच वारला. घर त्याने पाहिलंच नाही. त्याच्या नावाचं तत्त्व संसदेने डिसेंबर 2007 मध्ये एकमताने मान्य केलं: आधी सेवा द्या, बिल कुणाचं ते मागाहून ठरवा. तरी 2016 साली मानवाधिकार न्यायाधिकरणाला सरकारचे कान उपटावे लागले.

विजेचं थोडक्यात. गाव डिझेल जनरेटरवर असलं आणि त्याची क्षमता संपली की नव्या घराला कनेक्शन मिळत नाही, मग घर बांधून काय उपयोग? आता 24 फर्स्ट नेशन्सची मोठी मालकी असलेल्या वाटायनिकानेयाप कंपनीने सुमारे 1,800 किलोमीटरची विजेची लाइन टाकली आहे. पिकांगिकम गाव डिसेंबर 2018 मध्येच जोडलं गेलं.

तंत्रज्ञानाबद्दल म्हणाल तर मी त्याच धंद्यातला, नाही कसं म्हणू? दुरून क्लोरिन बघणारे सेन्सर मीच बसवतो. अलार्म शंभर ठिकाणी वाजवता येतो, पण उणे पस्तिसात केंद्रावर जाऊन व्हॉल्व्ह फिरवणारा तिथेच राहणारा लागतो.

त्या ऑपरेटरची पुतणी गेल्या वर्षी परवान्याची परीक्षा पास झाली. शरद ऋतूत तो सलग दहा दिवस मूसच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेला. आल्यावर फोन करून म्हणाला, पंप नीट आहे, पण पोरीने माझं शेल्फ आवरून ठेवलंय, आता मला काहीच सापडत नाही.