शिक्षा झालेला कैदी अटक करणाऱ्या पोलिसावर दावा लावू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत अटक होताना तुमच्या मावसभावाला पोलिसाने मारलं, आता तो शिक्षा भोगतोय, तर दावा लावता येईल का. येईल. गुन्हा सिद्ध झाला म्हणून पोलिसाला मारायची मुभा मिळत नाही.

इलिनॉयमध्ये वकिलांच्या एका ऑफिसात मी काही वर्षं कैद्यांची पत्रं वाचायचे. रेघी कागदावर, पेन्सिलीने, दोन्ही बाजूंनी भरलेली. बहुतेकांत एकच गफलत असायची: खोटी अटक, खोटी साक्ष, मारहाण, सगळं एकाच दमात.

दावा लागतो तो १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली, सगळे त्याला ‘कलम १९८३’ म्हणतात. पण १९९४ मध्ये ‘हेक विरुद्ध हम्फ्री’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने अट घातली: दावा जिंकल्यावर शिक्षाच चुकीची ठरणार असेल, तर आधी शिक्षा रद्द करून आणा. ‘साक्ष खोटी होती’ हा मुद्दा इथेच अडतो. मारहाणीचं तसं नाही. माणूस दोषी असूनही पोलिसाने वाजवीपेक्षा जास्त बळ वापरलेलं असू शकतं. मात्र भावाला अटकेला विरोध केल्याबद्दलही शिक्षा असेल, तर ‘मी काहीच केलं नव्हतं’ असं लिहू नये, तिथे दावा कोसळतो. एका पत्रातलं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘बेड्या पडल्या होत्या, मी पालथा होतो, त्यानंतर त्याने माझं डोकं दोनदा फरशीवर आपटलं.’ ते प्रकरण त्या ‘त्यानंतर’वर उभं राहिलं. भावाला असंच क्रमाने लिहायला सांगा.

मुदत राज्यागणिक वेगळी. इलिनॉयमध्ये २ वर्षं, न्यूयॉर्कमध्ये ३, आणि या दोन्हीकडे आत असल्यामुळे ती वाढत नाही. अपील निकाली निघेपर्यंत थांबलेल्या कितीतरी जणांचा हक्क असाच बुडालेला मी पाहिलाय, फार वाईट वाटायचं.

पैसे नसतील तर तसा अर्ज करता येतो, पण १९९६ च्या कायद्यामुळे कैद्याला ३५० डॉलर फी माफ होत नाही, त्याच्या तुरुंगातल्या खात्यातून हप्त्याहप्त्याने कापतात. तुरुंगातली अंतर्गत तक्रार प्रक्रिया आधी पुरी करायची अट इथे लागू नाही, कारण मारहाण आत येण्याआधीची आहे.

खरा अडसर पुढे येतो. पोलीस ‘पात्र संरक्षण’ मागतो, म्हणजे त्या वेळी हे बेकायदा आहे असं आधीच्या निकालांतून स्पष्ट नव्हतं, असा त्याचा बचाव. म्हणून पुरावा लागतो. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, असं पत्र त्या पोलीस खात्याला आजच पाठवा आणि तुरुंगात दाखल होतानाची वैद्यकीय नोंद मागवून घ्या.

अटकेची तारीख आणि राज्य कळवा, मुदत मोजून सांगते.