प्रेशर वाढवण्याआधी पिन पाहा

सोफा, खुर्च्या आणि वाहनांच्या सीटवर कापड चढवण्यासाठी लागणाऱ्या, हवेच्या दाबाने पिना (स्टेपल) ठोकणाऱ्या एअर गनविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांत एकच गोंधळ वारंवार दिसतो. गन कोणती घ्यावी हे सर्वांत आधी विचारले जाते, पिन कोणती लागणार हे गन घरी आल्यावर आठवते, आणि काम बिघडले की सगळा दोष हवेच्या दाबावर टाकला जातो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : सोफा दुरुस्तीचे दुकान सुरू करत आहे. एक दुकानदार ८०१६ घ्या म्हणतो, दुसरा १०१३ जे. दोन्हींत चांगली कोणती? (कराड)

हे आकडे दर्जाचे नाहीत, पिनेच्या मापाचे आहेत. ८०१६ म्हणजे ८० मालिकेची, जास्तीत जास्त १६ मिलिमीटर पायाची पिन घेणारी गन (पाय म्हणजे पिनेचा लाकडात शिरणारा भाग, पाठ म्हणजे वर दिसणारा आडवा भाग). १०१३ जे म्हणजे १० जे मालिकेची, १३ मिलिमीटरपर्यंतची पिन घेणारी. ८० मालिकेच्या पिनेची पाठ सुमारे १२.८ मिलिमीटर रुंद असते, १० जेची सुमारे ११.२ मिलिमीटर. एका मालिकेची पिन दुसऱ्या मालिकेच्या गनमध्ये चालत नाही, त्यामुळे गन निवडताना आपण प्रत्यक्षात पुढची काही वर्षे कोणती पिन विकत घेणार हेच ठरवत असतो. आपल्या कामात इलॅस्टिक पट्टा आणि जाड रेक्झिन अधिक असेल तर १६ मिलिमीटरची सोय असलेली ८० मालिका उपयोगी पडते. बहुतांश काम कापड आणि खालचे काळे अस्तर एवढेच असेल, तर १३ मिलिमीटरचीही क्वचितच गरज लागते. कापडाला ६ ते ८ मिलिमीटर आणि घड्या एकावर एक आल्या तर १० मिलिमीटर पाय पुरतो. १२ मिलिमीटर प्लायवर १६ मिलिमीटरची पिन मारली तर तिची टोके पलीकडून बाहेर येतात आणि ती ग्राहकाच्या हाताला लागतात, हे मात्र विसरू नये. कराडमध्ये कोणती पिन बारा महिने मिळते याची दोन-तीन दुकानांत चौकशी करावी, एखाद्या जुन्या कारागिराची गन हातात धरून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.

प्रश्न : एका कंपनीच्या गनमध्ये दुसऱ्या कंपनीच्या पिना चालतात का? (विटा)

मालिका आणि तारेची जाडी तीच असेल तर चालतात. पेटी घेण्यापूर्वी पिनांची एक पट्टी मारून पाहावी.

प्रश्न : गनबरोबर दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर घ्यावाच लागेल, नाहीतर गन चालणार नाही, असे दुकानदार सांगतो. हे खरे आहे का? (फलटण)

खरे नाही. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारे यंत्र. सोफाकामाची लहान गन एका फटक्याला साधारण अर्धा लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली हवा घेते. २४ लिटरच्या टाकीत दाब ८ बारवरून ५ बारवर (बार हे दाबाचे एकक) येईपर्यंत ७२ लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे मोटर सुरू न होताही सव्वाशे-दीडशे पिना बसतात. एका कारागिराला यापेक्षा अधिक हवा लागत नाही. पुढे त्याच कॉम्प्रेसरवर रंगाची फवारणी करायची असेल तर गोष्ट वेगळी, कारण स्प्रे गन सतत हवा ओढत राहते.

या व्यवहारातली दुसरी युक्तीही सांगून ठेवतो. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा याचा) आकडा पुष्कळदा पिस्टन किती हवा ढवळतो याचा असतो. टाकीत प्रत्यक्ष किती हवा जाते याचा आकडा त्याहून बराच कमी असतो आणि तो बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. दुकानदाराकडे हा दुसरा आकडा मागावा, आणि तो देता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. विजेचा दाब कमी राहणाऱ्या गावात मोठी मोटर घेण्याआधी वायरमनला जोडणी दाखवून घ्यावी. कॉम्प्रेसर दूर ठेवायचा असेल तर विजेची वायर लांबवण्याऐवजी हवेचा पाइप लांबवावा.

प्रश्न : बाभळीच्या जुन्या चौकटीत पिना पूर्ण बसत नाहीत, वर राहतात. मित्राच्या सांगण्यावरून प्रेशर १२० पीएसआय (दाबाचे दुसरे एकक) केले, तरी काही पिना वाकतात आणि काही ठिकाणी रेक्झिन फाटते. आता मेकॅनिक म्हणतो की कॉम्प्रेसरचा स्विच आणि वरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून देतो, म्हणजे आणखी दाब मिळेल. करून घ्यावे का? (जत)

करून घेऊ नये, आणि त्या मेकॅनिकला पुन्हा कॉम्प्रेसरजवळ येऊ देऊ नये. तो ज्याला ‘वरचा व्हॉल्व्ह’ म्हणतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. स्विच बिघडून मोटर थांबली नाही तर टाकी फुटण्याआधी हवा बाहेर सोडणे एवढे एकच काम त्याच्याकडे असते. तो आवळला, त्याच्या जागी बोल्ट बसवला किंवा तारेने बांधला, तर आपण कामाच्या जागी आतून गंजत चाललेले एक बंद पात्र ठेवून त्याच्या शेजारी दिवसभर बसणार आहात. हा प्रकार मी अनेक दुकानांत पाहिला आहे आणि प्रत्येक ठिकाणी ‘काही होत नाही’ हेच उत्तर ऐकले आहे. काही होत नाही ते होईपर्यंतच.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. पिन वर राहण्याची कारणे बरीच आहेत आणि कमी दाब हे त्यांपैकी एक आहे, पहिले नव्हे. पहिले कारण लाकूड. मुरलेली बाभूळ किंवा जुने सागवान यांत बारीक तारेची लांब पिन शिरण्याआधीच तिचा पाय दुमडतो. दाब वाढवला की ती अधिक जोरात दुमडते, एवढाच फरक पडतो. अशा चौकटीत १४ मिलिमीटरऐवजी ८ किंवा १० मिलिमीटरची पिन घेतली तर तीच गन तेच काम करते. कठीण लाकडात आखूड पिनही घट्ट धरते; लांब पाय हवा तो आंबा किंवा तशाच मऊ लाकडाला. दुसरे कारण हात. गनचे नाक कापडावर काटकोनात टेकवून दाबून धरले नाही तर फटक्याबरोबर गन मागे उसळते आणि पिन तेवढीच वर राहते. नवशिक्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडत असते आणि दोष कॉम्प्रेसरला मिळतो. तिसरे कारण, चौकटीला खालून आधार नसणे. चौकटीची हलणारी पट्टी फटका गिळून टाकते.

ही तिन्ही कारणे नसतील तर हवेकडे पाहावे, पण तेथेही आकड्यावर भाळू नये. गन बंद असताना गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर) दिसणारा दाब आणि लागोपाठ पिना मारताना टिकणारा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाइप लांब व आतून अरुंद असेल, सांध्यातून हवा सुटत असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर मारताना काटा घसरतो. दहा पिना सलग मारून काटा पाहावा, आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. गनमधली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) झिजली असेल किंवा पिनेवर आपटणाऱ्या पट्टीचे टोक गोल झाले असेल तरीही पिना वर राहतात, वाकतात किंवा अडकतात. हे काम घरी खोलून पाहण्याचे नाही, सर्व्हिस सेंटरचे आहे.

दाब ठरवण्याची रीत उलटी आहे. त्याच चौकटीच्या लाकडाचा तुकडा आणि त्याच कापडाची पट्टी घ्यावी, ६० पीएसआयपासून सुरुवात करावी आणि पाच-पाचने वाढवत जावे. पिनेची पाठ कापडाला टेकून सपाट बसली की तेथे थांबावे. पाठ कापडात रुतली की दाब जास्त झाला. आज ते रेक्झिन धरून ठेवलेले दिसेल आणि ग्राहक चार महिने बसला की त्याच रेषेवर फाटेल. सोफ्याचे बहुतेक काम ६० ते ८० पीएसआयमध्ये उरकते. नव्वदपर्यंत जाऊनही पिन वर राहत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे. गनच्या अंगावर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, पुष्कळ गनवर तो १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ७ बार असतो. तो आकडा ओलांडला की आतला फटका झेलणारा रबरी बंपर फुटतो, पिनेवर आपटणारी पट्टी तुटते आणि वॉरंटीही जाते. आपण गन काही दिवस १२० वर चालवली आहे, तेव्हा ती आणि कॉम्प्रेसर दोन्ही तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत.

प्रश्न : आमचा कॉम्प्रेसर ऑइल-फ्री आहे, म्हणून गनला तेल लागत नाही ना? लागत असेल तर खोबरेल चालेल का? (कोरेगाव)

कॉम्प्रेसर ऑइल-फ्री असला तरी गन तशी होत नाही. उलट अशा हवेत तेलाचा अंशही नसल्याने गनला ते वेगळे द्यावे लागते. सकाळी काम सुरू करताना हवेच्या तोंडातून एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब सोडावेत. खोबरेल थंडीत गोठते, ते वापरू नये. इंजिन ऑइल नको, आणि गंज सोडवण्याचा स्प्रेही नको, कारण तो आतले ग्रीस धुऊन टाकतो आणि ओ-रिंगला मानवतोच असे नाही. काही गन तेलाविनाच चालवायच्या असतात, म्हणून आधी गनबरोबरचे पुस्तक वाचावे.

प्रश्न : महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या सोफ्यांवर वर्षभरात पिनांच्या जागी तांबूस डाग आले. कापड खराब होते का? (वाई)

कापडाचा दोष नसावा. साध्या पिनेवरचा जस्ताचा मुलामा पातळ असतो आणि पावसाळ्याचे चार महिने तेथील हवा ओलीच असते. फिकट कापड आणि अशी जागा असेल तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या पिना वापराव्यात. त्या महाग आहेत, पण संपूर्ण सोफा पुन्हा करण्याहून स्वस्त आहेत. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज संध्याकाळी खालच्या नळीतून सोडावे. ते न सोडल्यास टाकी गंजते आणि पाण्याचे थेंब गनमधून पिनेवर व कापडावरही येतात. झालेले डाग काढण्यासाठी ॲसिड लावण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो ऐकू नये. आधी कापडाच्या विक्रेत्याला नमुना दाखवावा.

प्रश्न : पुरात बुडालेला, पण साफ करून रंगवलेला कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावा का? (सांगली)

घेऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर असा माल किती हातांतून फिरला असेल हे सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही. मोटर नवी गुंडाळता येते, परंतु टाकीच्या आतला गंज नव्या रंगाखाली दिसत नाही. घ्यायचाच हट्ट असेल तर टाकीची पाण्याने दाबचाचणी दाबपात्रे तपासणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि तिचा लेखी दाखला विकणाऱ्याकडून मागावा. हवा भरून ‘टेस्ट केली’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण टाकी कच्ची असेल तर हवेच्या चाचणीतच ती फुटते.

प्रश्न : अडकलेली पिन काढताना गन उडाली आणि पिन बोटाच्या पेराजवळ घुसली. पक्कडीने उपटून हळद लावली आहे. तीन दिवस झाले, बोट सुजले आहे. आणखी किती दिवस वाट पाहावी? (तासगाव)

एक दिवसही नाही. हे वाचून होताच डॉक्टरांकडे जावे. पेराजवळ घुसलेली पिन सांध्यात किंवा हाडापर्यंत गेलेली असू शकते, तिचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, आणि एक्स-रे काढल्याशिवाय हे कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर तेही तेथेच विचारावे. हळद चांगली आहे, सांगली जिल्ह्याला ती वेगळी सांगायला नको, पण सांध्यातला जंतुसंसर्ग तिने थांबत नाही. डोळ्याजवळ काही उडाले असते तर तीन तासांचा उशीरही फार झाला असता, म्हणून चष्मा घातल्याशिवाय गन उचलू नये.

बोट बरे झाल्यावर एवढे करावे : अडकलेली पिन काढण्याआधी ट्रिगरवरून बोट काढून पाइप गनपासून सोडवावा, केवळ कॉम्प्रेसर बंद करून भागत नाही, कारण पाइपात आणि टाकीत हवा असतेच. गनच्या बाजूला बंद होणारा कपलर (पाइप जोडण्याचा सांधा) बसवला असेल तर पाइप काढल्यावरही गनमध्ये एका फटक्याची हवा उरते, म्हणून गनला उघडा प्लग आणि पाइपाला बंद होणारा सॉकेट आहे ना, हे दुकानदाराकडून पाहून घ्यावे.

प्रश्न : वीज नसताना ऑक्सिजनचा किंवा गॅसचा सिलिंडर जोडून गन चालवता येईल का? (पलूस)

अजिबात नाही. ऑक्सिजनशी तेलाचा संबंध आला की स्फोट होऊ शकतो, आणि स्वयंपाकाचा गॅस पेटतो.

प्रश्न : घरच्या सहा खुर्च्यांचे कापड बदलायचे आहे. एअर गन आणि कॉम्प्रेसर दोन्ही घ्यावे का? (सातारा)

घेऊ नयेत. हाताने दाबायची चांगली गन पुरते. मात्र खुर्च्यांचे लाकूड शिसवी किंवा सागवानी असेल तर त्यांतील एक खुर्ची आधी जवळच्या कारागिराला दाखवावी.