वाचकांचे प्रश्न : पायाखालचा गंजलेला पत्रा

प्रश्न : माझ्या १९९८च्या मारुती ८००मध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक पडलंय. गॅरेजवाले म्हणतात, वरून पत्रा ठेवून रिव्हेट मारतो, खालून डांबर फासतो, संध्याकाळी गाडी न्या. करून घेऊ का? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नको. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं, डांबरामुळे ते बाहेर पडत नाही, आणि गंज आतल्या आत पसरत राहतो. डांबर गंज थांबवत नाही, फक्त झाकतं.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर नवा पत्राही खाल्ला जाईल. मॅट आणि खालचा फेल्ट काढून कोरडे वर्तमानपत्र अंथरा. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं : आधी दाराच्या खालच्या कडेला, मग दारावर, शेवटी पुढच्या काचेवर. काचेपासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. संशय घ्यायचा तो काचेच्या कडक झालेल्या रबरावर, वायपरखालच्या खोबणीत कुजलेल्या पाल्यावर आणि दाराच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकांवर. गगनबावड्याकडे येणं-जाणं असेल तर ही भोकं लाल चिखलाने बुजलेली असू शकतात. तारेने मोकळी करा. गाडीला हीटर असेल आणि ओल चिकट, गोडसर वासाची असेल, तर ते पावसाचं पाणी नाही, कूलंट आहे.

आता गंजाची खरी हद्द. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठणकतो, कुजलेला भद्द वाजतो आणि टोक दाबलं की आत जातं. तळहाताएवढं भोक कापायला घेतलं की वीतभर निघतं, हे धरूनच चाला. धडधाकट, चकचकीत धातू लागेपर्यंत कापा आणि कोपरे गोल ठेवा. गंज सीटच्या किंवा पट्ट्याच्या बोल्टपर्यंत, अथवा दाराखालच्या पोकळ पट्टीपर्यंत, म्हणजे सिलपर्यंत, गेला असेल, तर तो गाडीच्या सांगाड्याचा प्रश्न आहे. तिथे ठिगळ चालत नाही, जाणत्या टिंकरकडेच, म्हणजे गाडीचं पत्राकाम करणाऱ्याकडेच जा.

पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) घ्या. ‘जाड घाला, टिकेल’ असा सल्ला मिळेल. पण १६ गेजचा जाड पत्रा वितळवणाऱ्या करंटला जुनी पातळ कड जळून जाते. पुठ्ठ्याचा साचा करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेलात तर पत्रा कापून, वाकवून मिळेल. मूळ तळावरच्या पन्हळी पत्रा ताठ ठेवतात, त्या नव्यातही काढून घ्या. सपाट ठिगळ पायाखाली डबडब वाजतं.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे वायूच्या आवरणात तार वितळवून केलेलं, तार ०.८ मिमी. आर्कने भोकं पडतात, गॅसने पत्रा ओढला जातो. जोड १२-१५ मिमी एकावर एक, मध्ये वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर. तीन-चार सेंमीवर समोरासमोर टाके मारा, मग थांबत थांबत मधली जागा भरा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फेल्ट आणि वायरिंग बाजूला करा, आणि खालून जाणाऱ्या पेट्रोल व ब्रेकच्या नळ्या सोडवून घ्या. एक माणूस अग्निशामक घेऊन खाली बघत बसलाच पाहिजे, कारण ठिणगी पलीकडे पडते.

शेवटी दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, जोडावर सीम सीलर, वर रंग, आणि तळाला अंडरबॉडी कोट. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर ओल आत घेतो. हे जुलैच्या पावसात करू नका. दमट पत्र्यावर प्रायमर धरत नाही.

प्रश्न : ठिगळासाठी घरातला जीआय पत्रा वापरला तर? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जोडाच्या कडेचा जस्ताचा थर पूर्ण घासून काढावा लागेल. तो जळला की पांढरा धूर येतो, थंडी-तापासारखा त्रास होतो आणि वेल्डमध्ये पोकळ्या राहतात. सीआर पत्राच बरा.

प्रश्न : २०२१च्या पुरात गाडी सीटपर्यंत बुडाली होती. तळ वरून चांगला दिसतो. – एक वाचक, शिरोळ

उत्तर : वरून बघून उपयोग नाही. सिलची रबरी बुचं काढा, आत पाण्याचा पाइप घाला आणि गाळ संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. दोन-चार दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या, मग लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत गंज रोखणारं मेण, फवारा. बुचं परत लावा, पण निचऱ्याची भोकं उघडीच राहू द्या. धुताना पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे पडू लागले, तर वॅक्सचा खर्च थांबवून आधी सिल उघडून पाहा.